पाण्याचा हिशेब कोणी शिकवायचा?

एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

'दुष्काळाची कारणे सांगून त्यावरील उपाययोजना स्पष्ट करा.' हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेपासून आजपर्यंत निदान तीन वेळा तरी सोडवलेला आहे. त्याचे उत्तरही सर्वांना पाठ आहे. अनियमित पाऊस, वृक्षतोड आणि वाढती लोकसंख्या ही कारणे. पाणी अडवा पाणी जिरवा, झाडे लावा आणि जनजागृती करा हे उपाय. सहा मुद्दे आणि दहा गुण. हे उत्तर खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु ते लिहिणारा विद्यार्थी मराठवाड्यातला असो की कोकणातला, त्याच्या उत्तरात काडीचाही फरक पडत नाही. ज्या उत्तरात गाव नाही, साल नाही आणि माणूसही नाही, त्या उत्तराने परीक्षा पार पडते, पाण्याविषयी मात्र काहीच कळत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. ते पटो अथवा न पटो, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनी आणि गुरुजनांनी त्यावर विचार करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपले महाविद्यालय मांजरेच्या खोऱ्यात आहे. ही नदी बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, आपल्या भागातून वाहत कर्नाटक व तेलंगणात जाते आणि शेवटी गोदावरीला मिळते. हिच्यावर केज तालुक्यात धनेगावला धरण आहे आणि त्या धरणावर लातूर शहराची तहान अवलंबून आहे. २०१६ साली ते धरण कोरडे पडले. मार्च महिन्यात लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, तिच्यातून एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी येई. आपण त्या वेळी प्राथमिक शाळेत होतो. गाडीला हार घातल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस धो धो पाऊस झाला, तेच धरण भरले आणि नदीकाठच्या शेतांत पाणी शिरले.

एकाच वर्षात, एकाच नदीच्या खोऱ्यात, रेल्वेने पाणी आणावे लागते आणि पूरही येतो. माझ्या मते यापेक्षा चांगला धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकाला सापडणार नाही. परंतु शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या कोणत्याही वर्गात हा धडा मला शिकवला गेला नाही. आम्हाला शिकवला गेला तो 'पाणीटंचाई : एक जागतिक समस्या' हा पाठ. जगाची समस्या कळली. धनेगावची मात्र कळली नाही.

दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणे, अशी आपली पहिली समजूत असते. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे सरासरीपेक्षा २५ टक्के वा त्याहून अधिक तूट पडली की तो अवर्षणाचा दुष्काळ, आणि ५० टक्क्यांपेक्षा अधिक तूट म्हणजे तीव्र दुष्काळ. पण अवर्षण ही केवळ पहिली पायरी. शेतातली ओल पिकाला पुरली नाही की शेतीचा दुष्काळ येतो. नद्या, तलाव आणि विहिरी आटल्या की पाण्याचा दुष्काळ येतो. पहिला दुष्काळ आकाशातून येतो हे खरे. दुसरा आणि तिसरा मात्र बऱ्याच अंशी जमिनीवर तयार होतो, आणि तो कोण तयार करतो हे विचारण्याची सोय आपल्या सहा मुद्द्यांच्या उत्तरात नाही.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसले की एक वाक्य हमखास ऐकू येते. बहात्तरच्या दुष्काळात खायला दाणा नव्हता, पण आडाला पाणी होते. आता दुकानात दाणा आहे, पण आडाला पाणी नाही. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, रस्ते व पाझर तलाव बांधले आणि सुकडी खाऊन दिवस काढले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्यानंतर २०१२-१३, २०१५-१६, २०१८ आणि २०२३ या सालांनीही मराठवाड्याला पोळले. परंतु या पन्नास वर्षांत मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली आणि विहिरीची जागा आठशे-हजार फुटांच्या बोअरने घेतली. म्हाताऱ्यांच्या त्या एका वाक्यात या पन्नास वर्षांचा इतिहास आहे. इतिहास, अर्थशास्त्र आणि भूगोल यांच्या तीन तासिका त्या वाक्यावर घेता येतील. पण ते वाक्य कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

आता थोडा हिशेब मांडते. कला शाखेच्या वाचकांनी आकडे पाहून पान उलटू नये, कारण हा हिशेब पाचवीच्या गणिताचा आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. आता एक गाव कल्पनेने उभे करू. क्षेत्र एक हजार हेक्टर, वस्ती दोन हजार, लहानमोठी एक हजार जनावरे आणि वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर. या गावाच्या शिवारावर वर्षाला सातशे कोटी लिटर पाणी पडते. ग्रामीण नळयोजनांसाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतात. त्या मापाने दोन हजार माणसांना वर्षभर चार कोटी लिटर पाणी लागते. जनावरामागे चाळीस लिटर धरले तर आणखी दीड कोटी. म्हणजे माणसे आणि गुरे मिळून साडेपाच कोटी. पडले सातशे कोटी, लागले साडेपाच कोटी. शंभरातला एक भागदेखील नाही. पाऊस निम्मा झाला तरी हे गाव तहानलेले राहण्याचे कारण नाही. तरीही अशा गावात मार्चपासून टँकर का येतो?

याचे पहिले कारण आपल्या पायाखालचा खडक. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. या कठीण खडकात पडलेल्या पावसापैकी साधारण आठ ते बारा टक्केच पाणी मुरते. बाकीचे वाहून जाते, मातीत ओल म्हणून राहते अथवा वाफ होऊन उडते. आपल्या कल्पित गावात दहा टक्के पाणी मुरले असे धरू. म्हणजे जमिनीखाली सत्तर कोटी लिटर साठले. त्यातून पिण्याचे साडेपाच कोटी बाजूला काढले तरी साडेचौसष्ट कोटी उरतात.

दुसरे कारण म्हणजे या उरलेल्या पाण्याचे आपण काय करतो. उसाला पाटाने पाणी दिले तर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. पावसाचा वाटा वजा केला तरी विहिरीतून वा बोअरमधून पंधराशे मिलिमीटर द्यावे लागते असे धरू. म्हणजे एका हेक्टरला दीड कोटी लिटर. या मापाने त्रेचाळीस हेक्टर, म्हणजे साधारण शंभर-सव्वाशे एकर ऊस झाला, की हजार हेक्टरांच्या गावाचे जमिनीखालचे सगळे पाणी संपले. तेच पाणी रब्बीच्या ज्वारीला दोन संरक्षित पाळ्या म्हणून दिले तर दहा पट क्षेत्र भिजते. हा हिशेब ढोबळ आहे. तलावातले आणि कालव्याचे पाणी मी त्यात धरलेले नाही, आणि प्रत्येक गावचा खडक व पाऊस निराळा असतो. परंतु ढोबळ असला तरी तो एक गोष्ट स्पष्ट दाखवतो. आपले हंडे रिकामे राहतात ते आपण हंडाभर पाणी जास्त पितो म्हणून नव्हे. राज्यात ऊस पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास असून सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश पाणी घेतो, हे शेतीविषयक सरकारी अहवालांत वर्षानुवर्षे छापले जात आहे. असे असताना आम्हाला शिकवले काय जाते? दात घासताना नळ बंद ठेवा. ज्या घरात नळच नाही, त्या घरातल्या मुलीने हे उत्तर लिहून गुण मिळवावेत, यातली विसंगती कोणाच्याच लक्षात येऊ नये याचे नवल वाटते.

इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे, नाही तर मी दुसऱ्यांकडे बोट दाखवते आहे असे वाटेल. आमच्याही घरी दीड एकर ऊस आहे. माझी फी आणि वसतिगृहाचे पैसे उसाच्या बिलातून येतात. वरच्या मापाने आमच्या दीड एकराला वर्षाला नव्वद लाख लिटर पाणी द्यावे लागते. एवढ्यात चारशेवर माणसांचे वर्षभराचे पिण्या-वापरण्याचे पाणी होते. लातूरच्या त्या पन्नास वाघिणींच्या साडेतीन गाड्या आमच्या दीड एकरात जिरतात. हा आकडा मी घरी वडिलांपुढे ठेवला. ते रागावले नाहीत. त्यांनी मला एवढेच विचारले, "तुरीचा भाव पेरताना कोणी सांगतो का?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. उसाला किमान दर ठरलेला असतो. कारखाना माणसे पाठवून तोडून नेतो. गारपिटीने सोयाबीन जमीनदोस्त होते, ऊस पुन्हा उभा राहतो. ज्याच्याकडे विहिरीला पाणी आहे तो शेतकरी अज्ञानाने नव्हे, पुरता विचार करून ऊस लावतो. त्याला पाण्याचे महत्त्व पटवून देणारी भित्तिपत्रके लावून काही होणार नाही. हमीभाव, खरेदी, वीज, कारखान्यांचे परवाने, ठिबकचे अनुदान या सर्वांशी दुष्काळ बांधलेला आहे. आणि हे सारे विषय कोणाचे? अर्थशास्त्राचे, राज्यशास्त्राचे आणि समाजशास्त्राचे. म्हणजेच आपले, कला शाखेचे.

पाणी हा विज्ञान शाखेचा विषय आहे, ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे. महात्मा फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात पलटणीतल्या आणि पोलिस खात्यातल्या शिपायांकडून ठिकठिकाणी ताली व बंधारे बांधून घ्यावेत आणि पावसाचे पाणी शेतात मुरवून मगच ते नदीनाल्यांत जाऊ द्यावे, असे सुचवले होते. हा ग्रंथ आपण मराठीच्या तासाला वाङ्मय म्हणून अभ्यासतो आणि त्यातले पाणी मात्र तेवढे बाजूला ठेवतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या तळ्यावरचा हक्क न्यायालयाने मान्य करायला १९३७ साल उजाडावे लागले. तळे काठोकाठ भरलेले असूनही काही माणसांसाठी तिथे कायमचा दुष्काळ होता. पाणी किती आहे याइतकाच ते कोणाला मिळते हा प्रश्न महत्त्वाचा, हे महाडने शिकवले. प्रा. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दारिद्र्य आणि दुष्काळ यांवरच्या आपल्या ग्रंथात अन्नाविषयी हेच मांडले : बाजारात धान्य असूनही ते मिळवण्याचा हक्क व ऐपत नसल्यामुळे माणसे मरतात. अर्थशास्त्राच्या पेपरात आपण हे लिहितो. धान्याच्या जागी पाणी घालून पाहायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

पाण्याच्या न्याय्य वाटपाचे प्रयोगही याच महाराष्ट्रात झालेले आहेत. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर तीनशे वर्षांहून जुनी फड पद्धत होती. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, प्रत्येक फडात एकच पीक घ्यायचे, प्रत्येक शेतकऱ्याची थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असायची आणि पाणी कमी असेल त्या वर्षी सर्वांनीच भिजणारे क्षेत्र कमी करायचे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचे नाहीत. बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. त्याचा नियम साधा होता. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या संख्येने द्यायचे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्याप्रमाणे रब्बीची पिके ठरवतात. पाऊस चांगला झाला असेल त्याप्रमाणे पेरा, कमी झाला असेल तर त्याप्रमाणे. हा ताळेबंद मांडणारी माणसे शास्त्रज्ञ नाहीत, गावकरी आहेत. आंध्र प्रदेशातही दुष्काळी जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पिके ठरवण्याचा कार्यक्रम काही वर्षे मोठ्या प्रमाणावर चालवला होता. जे कमी शिकलेल्या शेतकऱ्याला जमते ते पदवीच्या विद्यार्थ्याला जमणार नाही, असे कोण म्हणेल?

आता नदीविषयी थोडेसे. विहीर आणि नदी हे दोन वेगळे धडे म्हणून आपल्याला शिकवले जातात. टंचाई एका प्रकरणात आणि प्रदूषण दुसऱ्या. वास्तविक पावसाळ्यानंतर नदीला जे पाणी वाहत असते ते मुख्यतः जमिनीखालून पाझरून आलेले असते. काठच्या गावांनी विहिरी आणि बोअर रात्रंदिवस उपसल्या की नदीचा हा पाझर तुटतो. वाळू उपसली की उरलेली ओलही जाते, कारण नदीतली वाळू ही पाणी धरून ठेवणारी आहे. पूर्वी वाळूत झिरे खोदून बाया पाणी भरीत, ते याच कारणाने. मग नदीत येऊन मिळते ते फक्त गावाचे आणि शहराचे सांडपाणी. वाहते पाणी नसले की ते सांडपाणी पातळ होत नाही, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि जलपर्णी पसरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशात नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे नोंदवले. त्यांत सर्वाधिक ५३ महाराष्ट्रात होते. २०२२ च्या अहवालात देशातला आकडा ३११ वर आला, पण महाराष्ट्राचा ५५ झाला, आणि पहिला क्रमांक आपलाच राहिला. नदीची प्रकृती पाहायला दर वेळी प्रयोगशाळा लागते असेही नाही. दगड उलटून पाहिला आणि त्याखाली चतुरांची व इतर कीटकांची नाना प्रकारची पिल्ले दिसली तर पाणी बरे आहे. नुसत्या तांबड्या अळ्या वळवळत असतील तर ते बिघडले आहे. हे पाहायला डोळे आणि थोडा अभ्यास एवढेच हवे.

यावर कोणी म्हणेल की, हे सर्व अभ्यासक्रमाबाहेरचे आहे. ते तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर आणि २००३ मधल्या पाठपुराव्यानंतर सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी पर्यावरणाचा विषय सक्तीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी जो सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, त्यात शंभरांपैकी पंचवीस गुण क्षेत्रकार्याला ठेवले होते. नदी, तळे, टेकडी किंवा जवळची एखादी प्रदूषित जागा प्रत्यक्ष पाहून नोंद करावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यातही क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक दिलेले आहेत. म्हणजे दार उघडे आहे. आपणच आत जात नाही. क्षेत्रकार्याचे प्रकल्प कुठे तयार होतात हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. झेरॉक्सच्या दुकानात 'जलप्रदूषण', 'पाणीटंचाई' आणि 'घनकचरा' असे गठ्ठे बांधून ठेवलेले असतात. मुखपृष्ठावर नाव घालायचे आणि सही घ्यायची. याबद्दल मी एकट्या विद्यार्थ्यांना दोष देणार नाही आणि एकट्या प्राध्यापकांनाही देणार नाही. एका प्राध्यापकाकडे दोन-अडीचशे प्रकल्प तपासायला येत असतील, तर सहीशिवाय दुसरे काय होणार?

मात्र एका गोष्टीचे मला मनापासून वाईट वाटते. फेब्रुवारी उजाडला की आमच्या वर्गातल्या खेड्यांवरून ये-जा करणाऱ्या मुलींची हजेरी कमी होऊ लागते. टँकर कधी येईल याचा नेम नसतो आणि आई रोजंदारीला गेलेली असते, म्हणून मुलगी घरी थांबते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे फक्त 'अ' पडतो. त्याच तासाला फळ्यावर पाणीटंचाईचे परिणाम लिहिले जातात, आणि ते परिणाम अनुभवणारी विद्यार्थिनी तेवढी वर्गात नसते. कोणत्या गावच्या किती मुली कोणत्या महिन्यात गैरहजर राहतात, एवढी नोंद जरी आपल्या हजेरीपटांवरून काढली, तरी या तालुक्यातल्या पाण्याचा नकाशा तयार होईल. तो नकाशा कोणत्याही सरकारी कचेरीत नाही. आपल्या कार्यालयातल्या कपाटात मात्र आहे.

दुसरा आक्षेप असा की, पाणी हे सरकारचे काम आहे. पोरांनी विहिरी मोजून काय होणार? सरकारचे काम सरकारने केलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु सरकारकडून काम करून घ्यायचे तर लोकांच्या हाती माहिती हवी. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत कोणी नवी विहीर घेऊ नये असा कायदा महाराष्ट्रात १९९३ सालीच झाला. त्यानंतर २००९ चा अधिक व्यापक कायदा आला आणि तो २०१४ पासून अमलात आहे. या कायद्यांची माहिती आपल्या गावात किती जणांना आहे? पाचशे मीटर म्हणजे साताठशे पावले. गावच्या विहिरीपासून चारही दिशांना तेवढी पावले चालून बोअर मोजायला कोणत्या पदवीची गरज आहे? हे काम अवघड नाही. अवघड आहे ते पुढे येणारा आकडा चावडीवर वाचून दाखवणे, कारण त्या बोअर आपल्याच काकांच्या आणि मामांच्या असतात. दुष्काळाचा दोष पावसावर टाकणारे उत्तर आपल्या सर्वांना प्रिय आहे ते याचसाठी. पाऊस काही कोणाचा नातेवाईक नाही.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. त्यांना फारसा पैसा लागत नाही. पहिली, महाविद्यालयाच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्याची नोंद सूचनाफलकावर लिहावी. दुसरी, प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातली एक विहीर पदवीच्या सर्व वर्षांसाठी दत्तक घ्यावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. आपणही त्याच महिन्यांत दोराला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि वहीत लिहावे. तिसरी, प्रत्येक विभागाने आपला वाटा उचलावा. भूगोलाने गावाचा उतार आणि ओढे यांचा नकाशा काढावा. इतिहासाने जुन्या बारवा, आड आणि दुष्काळाच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्याव्यात. मराठीने पाण्याचे शब्द आणि जात्यावरच्या ओव्यांतले पाणी जमवावे, कारण पाणवठा नाहीसा झाला की त्याचा शब्दही नाहीसा होतो. समाजशास्त्राने पाणी कोण भरते आणि कोणाच्या वस्तीला शेवटी मिळते ते पाहावे. अर्थशास्त्राने पिकांचा आणि पाण्याचा हिशेब मांडावा. त्यात पहिली वही माझी राहील. चौथी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दर वर्षी बंधारे घालतो, ते उत्तमच आहे; पण बंधारा घालून परत येण्याआधी त्या गावाबरोबर बसून पाण्याचा ताळेबंदही मांडावा. अडवलेले पाणी कसे वापरायचे हे ठरले नाही, तर बंधाऱ्याखाली आणखी एक बोअर पडते आणि श्रमदान वाया जाते.

यातून दुष्काळ हटेल असा माझा भाबडा समज नाही. पाऊस पडायचा तेवढाच पडेल आणि उसाचा प्रश्न आमच्या वहीने सुटणार नाही. परंतु आपल्यापैकी काही जण उद्या शिक्षक होतील, काही ग्रामसेवक व तलाठी होतील, काही सरपंच होतील आणि बरेच जण शेतीच करतील. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघेल तेव्हा 'अनियमित पाऊस' एवढेच उत्तर ज्याला पाठ आहे तो गप्प बसेल. ज्याने तीन वर्षे एका विहिरीत दोर सोडलेला आहे, तो उठून बोलेल. आणि त्याचे बोलणे कोणाला आवडो वा न आवडो, त्याच्या हातात वही असेल.

ऑक्टोबरची मोजणी दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास येते. तोपर्यंत प्राचार्यांची परवानगी मिळाली तर ठीकच. न मिळाली तरी आपापल्या गावी जायला आणि एक दोर घेऊन विहिरीवर उभे राहायला परवानगी लागत नाही. पुढच्या वर्षीच्या अंकात कविता आणि कथांबरोबर निदान वीस गावांच्या विहिरींच्या नोंदी छापून याव्यात, अशी संपादक मंडळाला माझी विनंती आहे.